तिकडूनच बंद

“वामनभाऊ, फारमाची साइट खुलूनच न्हाई राह्यली,” केदारखेड्याहून नंदाबाई फोनवर सांगत होत्या. “राजनंदिनीला नर्सिंगचं कॉलेज निवडायचंय. पाच वाजेपर्यंतच मुदत हाय.”

आसपासच्या गावांना नेट पुरवणाऱ्या भोकरदनच्या इंटरनेट ऑफिसात वामनचा डबा नुकता उघडला होता. स्क्रीनकडे मानही न वळवता त्याने बारा वर्षांचं पाठ उत्तर दिलं, “तिकडूनच बंद हाय, मावशी. आखरी दिवशी गर्दी होते. तारीख वाढवतेत नेहमी.”

मागून राजनंदिनीचा आवाज आला, “काकांना विचार, मोबाइलच्या नेटवर करून पाहू का?”

“कशाला? साइटच बंद हाय,” वामन म्हणाला आणि भाजीत भाकर बुडवली.

साडेचारपर्यंत असे चाळीस फोन आले. कुणाची बँक उघडेना, कुणाचं कीर्तन. साऱ्या दुनियेच्या साइट एकदम बंद पडत नसतात, हे उमगायला आमच्या वामनरावांना दोन तास लागले.

बंद होतं ते इकडेच. साइटचं नाव घेतलं की तिचा पत्ता शोधून देणारा नेम सर्व्हर त्याच्या खुर्चीमागेच होता, चालू पण मुका. त्याला एका वेळी एक हजार चोवीसच फायली उघडायची परवानगी होती आणि बाहेरच्या प्रत्येक चौकशीला एक लागे. गिऱ्हाइकं तीनशे होती तेव्हा एवढं पुष्कळ होतं. आता ती चार हजार झाली होती. पंगत बसलेली आणि पत्रावळ्या संपलेल्या. सर्व्हर महिनाभर लॉगमध्ये, म्हणजे आपल्या नोंदवहीत, तेच लिहीत होता. दर वेळी वामन तो बंद करून पुन्हा चालू करी. चालतंय ना, मग हात कशाला लावा. आज मात्र चालू केला की पाच मिनिटांत तो पुन्हा मुका होत होता.

शेवटी त्याने लॉग नीट वाचला. आकडा वाढवायला दोन मिनिटं लागली. नेट आलं तेव्हा पाच वाजून दहा झाले होते, आणि नंदाबाईंची आठवण त्याला त्यानंतर झाली. मुदत वाढली नाही.

चार दिवस वामनला घास गोड लागला नाही. पाचव्या दिवशी तो केदारखेड्याला गेला. नंदाबाईंनी खुर्ची पुसून दिली, चहा टाकला.

“पोरगी रडून राह्यल्ती,” त्या म्हणाल्या. “पर तुमचा काय दोष, भाऊ? तिकडूनच बंद होतं.”

इथेच मान डोलावली असती तर सुटला असता. त्याने कपबशी खाली ठेवली.

“तिकडून न्हाई, मावशी. माझ्याकडूनच बंद होतं. महिनाभर दिसत होतं मला. आन् तुमाला खोटं सांगितलं.”

राजनंदिनी दारात उभी होती.

“मंग काका, मोबाइलवर झालं असतं?”

“झालं असतं.”

तिने मान हलवली. खिडकीतली दाखल्यांची प्लॅस्टिकची फाइल घेतली, ओढणीने पुसली आणि पेटीत कपड्यांच्या खाली ठेवून दिली.

“चहा घ्या,” नंदाबाई म्हणाल्या. “थंडा होऊन राह्यला.”