खवल्यांचा वास

ज्योत्सनाने पर्समधून दोन कुप्या काढून आईपुढे धरल्या. एकीतली भुकटी जराशी मळकट, दुसरीतली दुधासारखी पांढरीशुभ्र. दोन्ही तिच्या आईने, रेवताबाईनेच, साफ केलेल्या रोहू-कतला मासोळीच्या खवल्यांच्या.

"ही आधीची, अन् ही या खेपेची. पाय माय, तुह्ये खवले कसे उजळले!"

ज्योत्सना नागपूरच्या एका दंत महाविद्यालयात संशोधन करत होती. माणसाची हाडं नि दात ज्या खनिजाचे असतात, तेच खनिज मासोळीच्या खवल्यातही असतं. खवले भट्टीत भाजून केलेली भुकटी जबड्यातल्या खड्ड्यात भरली, की तिच्या आधाराने नवं हाड धरतं आणि पुढे त्यात पक्का दात रोवता येतो. बाजारातली भुकटी परदेशातून येते. ज्योत्सनाची यायची आईच्या विळीखालून. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव बुडालं आणि या ढिवरांच्या, मासेमारांच्या, घराला शहापूरजवळ पुनर्वसनात जागा मिळाली, तेव्हापासून रेवताबाई हमरस्त्याच्या कडेला मासोळी साफ करून विकत होती. लोक खवले उकिरड्यावर टाकतात, ही बाई ते लेकीसाठी डब्यात जपून ठेवायची. इतर संशोधक खवले आधी आम्लात धुतात. ज्योत्सनाच्या पद्धतीत फक्त साधं पाणी नि भट्टी, आणि तिची सगळी फुशारकी त्यावरच होती.

सशांवरचे प्रयोग झाले, परवानग्या मिळाल्या आणि आज पहिल्या माणसाच्या जबड्यात या खेपेची पांढरी भुकटी भरली जाणार होती. तो माणूस म्हणजे बाबुलालकाका, तिच्या वारलेल्या वडिलांचा नावेतला जोडीदार. दाढ काढल्यावर त्याच्या जबड्यात मोठा खड्डा पडला होता. "तू म्हनते तं टाक बाई," एवढंच बोलून त्याने संमतीच्या कागदावर अंगठा उमटवला होता. तिचे मार्गदर्शक वीरेंद्र सर आज शस्त्रक्रिया करणार होते, आणि पुढच्या खेपेचे खवले आणायला त्यांनीच तिला घरी पिटाळलं होतं.

रेवताबाईने पांढऱ्या कुपीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. "उजळनारच! म्या चुना लावला ना."

"काय लावला?"

"चुना. रातभर चुन्याच्या पान्यात ठेवलं, सकाळी धुतलं. वास पार जाते. हे पाय, आताबी तेच करून राहिली." तिने बादलीतून हात वर काढले. कोपरापर्यंत पांढरे होते.

ज्योत्सनाने हातातली पांढरी कुपी उजेडात धरली. "पन काहून, माय? कोनी सांगतलं तुले?"

"तूच तं म्हनली होती. बसमदल्या बाईनं डब्याच्या वासानं नाक दाबलं, उठून दुसऱ्या सीटवर गेली. लय वाईट वाटलं म्हनली मले. माह्या पोरीले माह्यापायी कोनी हिनवाले नाई पायजे, म्हून म्या..."

करायला गेलो गणपती नि झाला मारुती, दुसरं काय! चुना खवल्याच्या थरांत मुरतो. साध्या पाण्याने तो सगळा निघत नाही, आणि भट्टीतून बाहेर पडतो तो कळीचा चुना होऊन. ओल्या जखमेत असला चुना काय करतो, हे सांगायला दंतवैद्य लागत नाही. हाड धरणं दूरच, असलेलं मांस जळेल.

पण खात्री कशी करायची? घाईत उगाच शस्त्रक्रिया थांबवली तर तोंड दाखवायला जागा उरायची नाही. दर खेपेची भुकटी पाण्यात घालून तपासायची, हा नियम तिनेच घातला होता. या खेपेला तिने नुसता रंग पाहिला, हरखून गेली आणि सही ठोकून मोकळी झाली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! आता इथे ना यंत्र, ना तपासणीच्या कागदी पट्ट्या.

ती धावत स्वयंपाकघरात गेली. ताटलीत हळद ओली केली, एका बाजूला मळकट भुकटी टाकली, दुसऱ्या बाजूला पांढरी. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे घरोघरी ठाऊक असतं. मळकट भुकटीखालची हळद पिवळीच राहिली. पांढरीखालची बघता बघता कुंकवासारखी झाली.

"काय झालं व?" रेवताबाई दारात उभी होती.

"काकाच्या जबड्यात चुना चालला, माय."

घरात मोबाइलला रेंज नव्हती. ती पाण्याच्या टाकीपर्यंत पळत सुटली. सरांचा फोन बंद. विभागातला फोन कोणी उचलेना. शेवटी तिने रिताला, बाबुलालच्या मुलीला, लावला.

"आत नेलं त्यायले," रिता म्हणाली. "कवाचंच नेलं."

"दार वाजव. थांबा म्हन. भुकटी भरू नका म्हन!"

"आत जाऊ देत नाई इथं कोनाले. अन् काहून थांबवू? तूच तं म्हनली होती, काईच होत नाई म्हून."

ज्योत्सनाला हजार सबबी सुचत होत्या. डबा बदलला म्हणावं, कुपी फुटली म्हणावं. पण सबबीवर रिता हलली नसती, आणि का हलावी? "माह्या भुकटीत खोट हाय, रिता. तुह्या बाबाचा जबडा जळन. तू दारावर लाता मार, ओरड, काईबी कर!"

पलीकडून धावल्याचा आवाज आला. मग धडाधड आवाज, रिताच्या किंकाळ्या, कोणीतरी दरडावत होतं. ज्योत्सना फोन कानाशी गच्च धरून उभी होती. एवढं करून उशीरच झाला असेल तर? तेवढ्यात रेवताबाई धापा टाकत तिच्याजवळ पोचली, तसेच पांढरे हात घेऊन.

फोनवर वीरेंद्र सर आले. आवाज बर्फासारखा थंड. "भुकटी कालवून झाली आहे. रुग्णाची जखम उघडी आहे. कारण सांग, आणि एका वाक्यात सांग."

"सर, त्यात चुना आहे. हळदीवर टाकून पाहिली, लाल झाली."

"तुझ्या भुकटीत चुना आला कुठून?"

ज्योत्सनाने आईकडे पाहिलं. आईचं नाव घेतलं की ती सुटली असती. सर म्हणाले असते, अडाणी बाई, तुझा काय दोष? तिची जीभ रेटेना. रेवताबाईनेच तिच्या हातातून फोन ओढून घेतला.

"म्या लावला साहेब. वास येते म्हून लावला. पोरीले ठाऊक नव्हतं. बाबुलालच्या तोंडात नका टाकू जी, पाया पडतो."

ज्योत्सनाने फोन परत घेतला. "तपासायचं काम तिचं नव्हतं सर, माझं होतं. मी तपासलं नाही आणि सही केली."

सर फोनपासून तोंड फिरवून कुणाला तरी म्हणाले, "ते टाकून द्या. सलाइनने धुवा आणि टाके घाला." मग तिला म्हणाले, "उद्या येऊन भेट." फोन बंद झाला.

ज्योत्सना टाकीच्या ओट्यावर मटकन बसली आणि रडली.

बाबुलाल दुसऱ्या दिवशी सकाळी गावात परतला, गाल सुजलेला, खड्डा तसाच. रिता ज्योत्सनाशी बोलली नाही, पण बाबुलाल सरळ रेवताबाईच्या अंगणात आला. रेवताबाई तोंड लपवून आत बसली होती.

"काहून व रेवता," तो सुजल्या तोंडाने ओरडला, "माह्या जबड्याले का पान समजली, चुना लावून राहिली तं?"

रेवताबाई रडत रडत हसली. मग तिने लेकीला हळूच विचारलं, "आता माह्ये खवले नाई नेनार ना तू?"

सर काय म्हणतील, काम राहील की जाईल, ज्योत्सनाला काहीच ठाऊक नव्हतं. तिने चुन्याची बादली उकिरड्यावर पालथी केली आणि आईपुढे रिकामा डबा ठेवला. "आजचे दे. फक्त पान्यानं धुतलेले."

शहापूरहून बसमध्ये बसली तेव्हा डब्याला भपका येत होता. शेजारच्या बाईने पदर नाकाला लावला. "काय हाय व त्याच्यात?"

ज्योत्सनाने डबा मांडीवर आणखी जवळ ओढला.

"मासोळीचे खवले," ती म्हणाली. "माह्या मायनं साफ केलेले."