आतल्या गल्लीतली खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. सलूनची खुर्ची. तुम्ही म्हणाल, खुर्चीला काय सांगायचं असणार? इतकी वर्षं मीही तेच समजत होते. माणसं बोलायची आणि मी ऐकायचे, एवढंच माझं काम. पण जे घडलं, त्यानं मी इतकी हादरले आहे की आता गप्प बसवत नाही. अजूनही वाटतं, कुणीतरी येऊन सांगेल, "अगं, थट्टा केली तुझी." कुणी येत नाही.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. पाया ओतीव लोखंडाचा, हात पितळी मुलाम्याचे, गादी गडद लाल रेक्झिनची. मला घडवणारा मिस्तरी शेवटी स्वतःच माझ्यात बसला, डोकं मागे टेकलं आणि पार घोरायला लागला. त्याच्या सोबत्यांनी त्याला हलवून उठवलं तेव्हा तो म्हणाला, "पास आहे ही. पाठवा."

माझे मालक तेव्हा तरुण होते, नुकतं लग्न झालेले. चौघांनी मिळून मला गाडीतून उतरवलं आणि फरशीत बोल्ट ठोकून पक्कं बसवलं. मालकीणबाई बघायला आल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अहो, घरात बसायला धड एक खुर्ची नाही, आणि इथे ही महाराणी!"

"घरातल्या खुर्चीवर काय, पाहुणे बसतील," मालक माझी गादी पुसत म्हणाले. "हिच्यावर आपलं घर बसणार आहे."

आणि खरंच बसलं. शहराच्या ऐन मध्यावर, ऑफिसांच्या रस्त्याला आमचं दुकान. समोर काचेची उंच इमारत. मी कायम आरशाकडे तोंड करून, त्यामुळे तो रस्ता मी जन्मभर उलटाच पाहिला. दुपारी जेवणाची सुट्टी झाली की समोरच्या फिरत्या दारातून माणसांचा लोंढा बाहेर पडायचा. खानावळ, झेरॉक्सवाला, फुलवाली, चांभार, कोपऱ्यावरचा चहावाला, कुणाला मान वर करायला फुरसत नसायची. आमच्या बाकावर माणसं दाटीवाटीनं बसून एकाच वर्तमानपत्राची पानं वाटून घ्यायची.

माणसांच्या एकेक तऱ्हा मी पाहिल्या. डोक्यावर मोजून चार केस असलेले गृहस्थ "फार बारीक करू नका हं" असं बजावायचे. मुलाखतीला निघालेल्यांचे गुडघे थरथरायचे ते मला गादीतून कळायचं. साहेबांकडून बोलणी खाऊन आलेला माणूस माझे हात असे आवळायचा, जणू तो साहेबांचा गळाच. सगळे मालकांना 'दादा' म्हणायचे आणि घरी बायकोला सांगत नसतील ते दादांना सांगायचे.

त्यातले एक चष्मेवाले. समोरच्या इमारतीत हिशेबाच्या कामाला. चष्मा काढला की त्यांना आरशातलं स्वतःचं तोंडही दिसत नसे, तरी दादांनी मागचा छोटा आरसा धरला की न चुकता म्हणायचे, "वा, छान झालं." बोलायचे कमी, आणि बोलायचे ते वडिलांबद्दल. घरात दोघंच. आणि दुसरे मोठे साहेब, त्याच कंपनीचे सर्वेसर्वा. ते उंच होते म्हणून मला अगदी तळापर्यंत खाली घ्यावं लागे. एवढा मोठा माणूस आपल्या साध्या दुकानात येतो याचं मालकांना कोण कौतुक!

मग साथीचे दिवस आले. सगळी ऑफिसं बंद झाली, माणसं घरून काम करायला लागली. ठीक आहे, म्हटलं, चार दिवसांचा प्रश्न आहे. साथ गेली. दुकान उघडलं, फरशी पुसली, फण्या उकळत्या पाण्यातून काढल्या. आणि माणसं आलीच नाहीत! समोरची इमारत उभी, दिवे चालू, आणि आत-बाहेर कुणी नाही. आरशातला तो मोकळा रस्ता पाहून मी थिजले. असा रस्ता मी फक्त सुट्टीच्या दिवशी पाहिला होता, आणि इथे रोजच सुट्टी.

आधी फुलवाली गेली. मग झेरॉक्सच्या दुकानाचं शटर खाली आलं ते उघडलंच नाही. खानावळीनं निम्मी टेबलं विकली. मालक दुपारी माझ्यातच येऊन बसायचे, आरशात स्वतःकडे बघत. मालकीणबाई डबा घेऊन यायच्या आणि समोर बाकावर बसायच्या.

"अहो, निदान जेवून तरी घ्या."

"येईल गं कुणीतरी. हात खरकटे असले म्हणजे?"

मोठे साहेब मात्र अधूनमधून यायचे. एकदा दाढीचा फेस लावता लावता मालकांचा हात थांबला.

"साहेब, एक विनंती होती."

"बोला ना दादा."

"माणसांना परत बोलवा. घरून काम होत असेल त्यांचं, मी नाही म्हणत नाही. पण हा रस्ता मरतोय. आम्ही सगळे तुमच्या माणसांवर जगतो, साहेब."

साहेब डोळे मिटून पडले होते. मग डोळे उघडून म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. मी बघतो."

साहेब गेल्यावर मालकांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की गादीतली धूळ उडाली. आणि साहेबांनी शब्द पाळला! हुकूम निघाला: रोजच्या रोज सगळ्यांनी ऑफिसात यायचं, सबबी चालणार नाहीत. रस्त्यावर पेढे वाटल्यासारखा आनंद. खानावळवाल्यानं विकलेली टेबलं दुसरीकडून उसनी आणली. मालकांनी भिंतींना रंग दिला आणि माझी गादी नवी करून घेतली.

तो दिवस उजाडला. माणसं आली. आरशात मी पाहिलं, बसमधून उतरणारी, चालत येणारी, गाड्यांतून तळघरात शिरणारी, शेकड्यांनी माणसं. मालक दारात उभे राहून एकेकाला ओळखत होते. "ते बघ, ते आले! तोही आला!" असं ते चक्क मला सांगत होते.

दुपार झाली. जेवणाची सुट्टी झाली. मालकांनी नवा टॉवेल झटकून खांद्यावर घेतला.

दार फिरलं नाही.

आम्हाला वाटलं, पहिला दिवस, कामं तुंबली असतील. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही. शेवटी कोपऱ्यावरचा चहावाला खबर घेऊन आला. त्याचा धंदा तेवढा थोडा वाढला होता, सकाळी बसमधून उतरलेली माणसं घोटभर घ्यायची. चांभारालाही चार बूट मिळाले होते. पण बाकी सगळं? चहावाला बाकावर टेकला आणि म्हणाला, "दादा, आत जेवण फुकट आहे. व्यायामशाळा आहे. माणसं कुरकुर करत होती ना परत यायला, म्हणून त्यांना खूश ठेवायला सगळं आतच केलंय." मग मालकांकडे न बघता म्हणाला, "तिसऱ्या मजल्यावर सलूनपण आहे."

मालक हसले. त्यांना वाटलं, हा गंमत करतोय.

माझ्याच्यानं तर विश्वासच ठेववेना. ज्यांच्या पोटासाठी म्हणून माणसं बोलावली, त्यांच्याच पोटावर पाय? आणि मोठे साहेब? त्या दिवसापासून ते कधी आमच्या दुकानात आले नाहीत. पुढे एकदा ते गाडीत बसताना मी त्यांना आरशात पाहिलं. केस ताजे कापलेले होते, आणि मानेवरची रेघ वाकडी.

याहून मोठा धक्का अजून यायचा होता. एके संध्याकाळी चष्मेवाले आले. मालकांना इतका आनंद झाला की त्यांनी टॉवेल उलटा गुंडाळला. चष्मेवाले बसले, चष्मा काढला, तो हातातच धरून ठेवला. गादीतून मला त्यांची थरथर कळली, आणि ती मुलाखतीची नव्हती.

"बाबा कसे आहेत?" मालकांनी विचारलं.

"ठेवलं त्यांना. वृद्धांच्या केंद्रात."

मालकांची कात्री थांबली. "का हो? तुम्ही तर घरीच सांभाळत होतात."

"घरून काम करत होतो तोवर सांभाळलं. त्यांना अंथरुणातून उठता येत नाही, दर थोड्या वेळानं कूस बदलून द्यावी लागते. आता मी दिवसभर इथे. ठेवू कुणाकडे?" ते थांबले. मग अगदी हळू म्हणाले, "साहेबांनी सभा घेतली होती. म्हणाले, समोर एक सलूनवाला आहे, त्यानं माझ्यापुढे हात जोडले. आपण आलो नाही तर अशा लोकांची घरं बुडतील, तेव्हा प्रत्येकानं थोडा त्रास सोसला पाहिजे. दादा, ते तुमच्याबद्दलच बोलत होते ना?"

मालकांच्या हातातली फणी खाली पडली आणि त्यांनी ती उचलली नाही.

"मी मागितलं होतं," मालक म्हणाले. "हो. मीच मागितलं होतं. पण हे... हे मला ठाऊक नव्हतं हो."

"तुमच्यावर राग नाही माझा. पण तुमचं दुकान तरी चालतंय ना? मला तेवढंच बघायचं होतं. म्हणून आलो."

त्यांनी चष्मा चढवला आणि वळून पाहिलं. रिकामा बाक, घडी न मोडलेले टॉवेल, उघडलंच नसलेलं वर्तमानपत्र. त्यांच्या लक्षात आलं. त्यांचं तोंड उघडं राहिलं ते तसंच. बाबांना ज्याच्यासाठी घराबाहेर काढलं, ते इथे घडलंच नव्हतं.

त्या रात्री मालक घरी जाऊन जेवले नसावेत, कारण सकाळी मालकीणबाई दुकानातच येऊन त्यांना समजावत होत्या. "तुम्ही वाईट मनानं मागितलं नव्हतं." मालकांनी वस्तरा, फेसाचा ब्रश, तुरटी, दोन टॉवेल असं सगळं पिशवीत भरलं आणि निघाले. साथीचे दिवस सोडले तर दुकान दिवसा बंद राहण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ.

परतले ते चष्मेवाल्यांच्या म्हाताऱ्या बाबांची दाढी करून. मालकीणबाईंना सांगत होते, "त्यांच्या गालाला किती दिवसांत कुणी हात लावला नव्हता गं. शेजारच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, माझीही कर. मग त्यांच्या पलीकडचे." ते पुन्हा गेले, परत परत गेले. त्या केंद्राच्या आसपास राहणारी माणसं त्यांना वाटेत अडवायला लागली, कुणी मुलाचे केस कापून घेतले, कुणी आजारी भावाचे. माणसं घराजवळ होती. आम्ही मात्र ऑफिसच्या दारात त्यांची वाट बघत होतो.

शेवटी एक दिवस मालकांनी दुकान सोडायचं ठरवलं. केंद्राजवळ त्यांना मिळाली ती जागा जिन्याखालची, मी तिथे मावणार नव्हते. मालकांनी माझे बोल्ट स्वतः सैल केले. शेवटचा बोल्ट निघेना तेव्हा त्यांनी कपाळ माझ्या हातावर टेकलं आणि ते तसेच बसून राहिले. मालकीणबाई म्हणाल्या, "उठा हो. तिलाही वाईट वाटतंय." मला वाटत होतंच.

मला विकत कुणी घेतलं असेल? समोरच्या इमारतीनं!

मला वाटलं, चला, तिसऱ्या मजल्यावरच्या सलूनमध्ये नेतील, निदान काम तरी मिळेल. पण त्यांनी मला तळमजल्यावर नेलं आणि मी जे पाहिलं त्यानं माझे सांधे करकरले. तिथे गल्ली होती! आमची गल्ली! खोट्या विटांची भिंत, खोटा दिव्याचा खांब, कापडी फुलांचा ठेला, चाकं न फिरणारी चहाची गाडी, आणि एका भिंतीवर रंगवलेलं शटर. माणसांना ऑफिसात यायला आवडावं, बाजारात आल्यासारखं वाटावं, म्हणून म्हणे हे केलंय. बाहेरची गल्ली, खरीखुरी, काचेतून पलीकडे दिसत होती. तिच्यात कुत्रंही नव्हतं.

माझ्यासमोर पाटी लावली: 'कृपया बसू नये'. मी कितीदा वाचली ती. मग मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन आले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "ही अस्सल आहे बरं का. आपल्या भागाची परंपरा जपली पाहिजे." पाहुण्यांनी माना डोलावल्या. किंचाळता आलं असतं तर मी किंचाळले असते.

काल दुपारी मात्र कुणीतरी सरळ येऊन माझ्यात बसलं. वजनावरूनच ओळखलं, चष्मेवाले! वॉचमन धावत आला.

"साहेब, पाटी वाचली नाही का?"

"वाचली. आज माझा इथला शेवटचा दिवस आहे. राजीनामा दिलाय. घराजवळ लहानसं काम मिळालंय. बाबांना उद्या घरी आणतो."

वॉचमननं इकडेतिकडे पाहिलं. "मग बसा पाच मिनिटं. मीही वळून उभा राहतो."

चष्मेवाल्यांनी डोकं मागे टेकलं. "या खुर्चीचा मालक बाबांच्या केंद्राजवळ असतो हल्ली," ते वॉचमनच्या पाठीकडे बघत म्हणाले. "जिन्याखाली बसतो. प्लास्टिकची खुर्ची आहे, डुगडुगते. पण माणसं रांग लावतात. परवा म्हणाला, सगळं मिळालं, फक्त गिऱ्हाइकाला वर उचलणारी खुर्ची नाही, म्हणून आता स्वतःलाच वाकावं लागतं. कंबर गेली."

ऐकून मला आनंदाचा आणि मत्सराचा असा एकदमच धक्का बसला. डुगडुगती प्लास्टिकची खुर्ची! आणि मी, ओतीव लोखंडाची, इथे कापडी फुलांशेजारी!

चष्मेवाले उठले, वॉचमनशी हात मिळवला आणि फिरत्या दारातून बाहेर, खऱ्या गल्लीत उतरले.

बाबांनो, मी लोखंडाची आहे, मला रडता येत नाही. पण जो कुणी हे ऐकत असेल, त्याला एवढंच सांगते. माणसांना परत बोलवायचं तर खुशाल बोलवा. पण मग दारं उघडी ठेवा, त्यांना बाहेर रस्त्यावर उतरू द्या. आणि ज्यांचं घरी कुणी वाट बघत पडलेलं आहे, त्यांना जाऊ द्या. रस्त्याचं सोंग आत उभं करून बाहेरचा रस्ता जगत नाही, हे मी डोळ्यांनी पाहते आहे. आणि जमलंच, तर माझे बोल्ट काढा. जिन्याखाली मावत नसले तर मला जिन्याबाहेर ठेवा, उन्हापावसात ठेवा. तिथे माझ्या माणसाची कंबर दुखतेय.