बैलमास्तराचा तास

खोंडाने पुन्हा एकदा मान काढून घेतली, जू ढेकळांवर आदळले, आणि बांधावर बसलेला त्याचा मालक चडफडत उठला. दोन ठेवून द्या की पाठीत, असे तो म्हणाला. बैलमास्तराने त्याच्याकडे पाहिलेही नाही. त्याने हातातला कासरा सैल सोडला, खोंडाकडे पाठ फिरवली आणि तो तिथेच काळ्या मातीत खाली बसला. जणू त्या जनावराशी त्याचे काही देणेघेणेच नव्हते. कोरडा वारा सुटला होता. धुळीचे लोट रानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होते आणि खोंड थरथरत्या नाकपुड्यांनी तो वारा हुंगत उभा होता.

बऱ्याच वेळाने खोंडाने खाली मान घालून त्याच्या खांद्याचा वास घेतला. तेव्हा कुठे बैलमास्तर बोलला, तेही मालकाशी.

"घाई असेल तर घेऊन जा. आज मारून चालवलात तर जन्मभर मारूनच चालवावा लागेल. हात तुमचेच दुखतील."

मालक पुन्हा बांधावर टेकला. पंचक्रोशीत कोवळ्या खोंडांना जुवाची सवय लावणारा बैलमास्तरासारखा दुसरा माणूस नव्हता. आडदांड, बुजरी, कुणाला जवळ येऊ न देणारी जनावरे लोक त्याच्या गोठ्यात आणून बांधत आणि चार आठवड्यांनी शहाणी करून घेऊन जात. त्याच्याकडे चाबूक नव्हता. म्हणून लोक त्याला थट्टेने बैलमास्तर म्हणू लागले, आणि थट्टा विरून गेली तरी नाव तेच राहिले. त्याची बायको मात्र अधूनमधून म्हणे, "मलाही एकदा गोठ्यात बांधून बघा. म्हणजे माझ्याशीही जरा हळू बोलाल." तो हसे. हसण्यावारी नेण्यासारखेच ते आहे, असे त्याला वाटे.

त्याला एकच मुलगी होती. ती नेहमी भिंतीच्या कडेकडेने चाले. घरात, अंगणात, गल्लीतसुद्धा. म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. बैलमास्तराला ते नाव आवडे. लहानखुरी, कष्टाळू, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली, असा त्याने त्याचा अर्थ लावला होता.

मुंगीने शिकावे ही त्याची एकुलती एक हौस होती. त्याला स्वतःला वाचता येत नव्हते. तरुणपणी एकदा बाजारातून परतताना गाडीवरची पाटी न कळल्याने तो भलत्याच गावी जाऊन उतरला होता, आणि तिथल्या थांब्यावर लोक ज्या तऱ्हेने हसले होते ते हसू त्याच्या कानातून अजून गेले नव्हते. म्हणून रोज तिन्हीसांजेला तो गोठ्यातून येई, ओसरीवर बसे आणि मुंगीला खांबाला टेकून मोठ्याने वाचायला लावी. अक्षर त्याला कळत नसे, पण अडखळणे कळे. ती अडखळली की त्याचा आवाज चढे. पुन्हा अडखळली की हातातल्या कासऱ्याचे टोक तिच्या डोक्याजवळच्या खांबावर फाटकन बसे. तिच्या अंगाला त्याने कधी बोटही लावले नव्हते. हे तो अभिमानाने सांगे, आणि ते खरेही होते.

शाळेत नवीन बाई आल्या होत्या. त्यांनी दर शनिवारी एक निराळाच तास सुरू केला होता. त्या तासाला पुस्तक नसे. मुलांनी गोल बसायचे आणि आज मनात काय आहे ते सांगायचे: राग, भीती, रुसवा, हेवा, जे असेल ते. आणि कुणी सांगितले, की बाई विचारत, "कुठं वाटतंय?" मग ते मूल छातीवर, पोटावर, घशावर हात ठेवून दाखवी. नाव आणि जागा कळली, की ते आवरणे सोपे जाते, असे बाईंचे म्हणणे.

गावाला हे म्हणजे आयतेच कोलीत मिळाले. पारावर बसणाऱ्यांनी त्याला रडायचा तास असे नाव दिले. एखाद्याने तंबाखू मागितली, की दुसरा डोळे मिचकावून विचारी, "कुठं वाटतंय?" आणि पहिला गुडघा दाखवी. बैलमास्तरही त्या हसण्यात असे. हसायला आणि रडायला शाळा कशाला लागते, असे तोच एकदा म्हणाला होता आणि पाराने त्याला दाद दिली होती.

त्यामुळे एका दुपारी बाई स्वतः रानात येऊन बांधावर उभ्या राहिल्या तेव्हा तो ओशाळला. त्यांनी आधी मुंगीची गोष्ट काढली. हुशार आहे, पण वर्गात तोंड उघडत नाही. वाचायला उभी केली की ओठ हलतात, आवाज येत नाही. तो लगेच म्हणाला, की हट्टी आहे, मी बघतो. बाई घाईने नको म्हणाल्या. त्यांना दुसरेच काही मागायचे होते. भीती म्हणजे काय, ती कशी ओळखायची आणि कशी उतरवायची, हे नुसते सांगून मुलांना कळत नाही. तेव्हा शनिवारी खोंड घेऊन शाळेत याल का?

शाळेने त्याला बोलवावे! संध्याकाळी पारावर त्याने ही बातमी सहज बोलल्यासारखी सांगितली, आणि शनिवारी धुतलेला सदरा घालून, खोंडाच्या पाठीवरून ओला हात फिरवून, कासरा खांद्यावर टाकून तो निघाला. मुंगी त्याच्या पुढे निघाली होती. गल्लीच्या कडेकडेने.

शाळेच्या मागच्या मैदानात झाडाखाली मुले अर्धगोल करून बसली होती. सुरुवातीला त्याला शब्द सुचेनात; पण खोंडाच्या मानेवर हात ठेवल्यावर जीभ सुटली. त्याने सांगितले, की जनावर बुजले हे ओरडण्यावरून ओळखायचे नसते. कान बघायचे, मागे गेले का ते. खांद्याची कातडी बघायची, माशी नसताना थरथरते का ते. रवंथ थांबला का ते बघायचे.

"आणि गप्प उभं राहिलं तर?" बाईंनी विचारले. "मग ते शांत असतं ना?"

"सगळे तिथंच फसतात, बाई," तो म्हणाला. आता त्याला रंग चढला होता. "गप्प जनावर दोन तऱ्हेचं. एक गप्प असतं कारण त्याला बरं वाटतंय. दुसरं गप्प असतं कारण हललो तर काय होईल, हे त्याला माहीत नसतं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात."

पुढच्या रांगेतल्या गिरणीवाल्याच्या मुलीने हात वर केला. ती फार बोलकी, सगळ्या गावाला ठाऊक असलेली. तिने विचारले, की तुम्ही बैलाला कधीच मारत नाही, पण त्याच्या शेजारी जमिनीवर काठी आपटली तर चालते का? त्याला लागत तर नाही.

"ते तर मारण्यापेक्षा वाईट," बैलमास्तर म्हणाला. "मार बसतो आणि संपतो. आपटल्याचा आवाज संपत नाही. पुढचा आपल्याच अंगावर येणार, म्हणून ते जनावर दिवसभर वाट बघत राहतं."

हे वाक्य त्याने पूर्वी कितीतरी मालकांना ऐकवले होते. आज ते उच्चारताना त्याच्या छातीत कुठेतरी बारीक काटा हलल्यासारखे झाले. पण मुले टक लावून ऐकत होती, बाई मान डोलवत होत्या, आणि तो तसाच पुढे गेला.

मग त्याने विचारले, खोंडाजवळ कोण येते? मुले एकमेकांना कोपरांनी ढोसू लागली. कुणीच उठेना. शेवटी कडेला बसलेली मुंगी उठली.

ती समोरून आली नाही. बाजूने आली, हात खाली ठेवून, तळवा उघडा. खोंडाने कान मागे घेतले तशी ती थांबली आणि दुसरीकडे बघत उभी राहिली. हे सगळे तिला कुणी शिकवले होते? ती गोठ्याच्या दारात उभी राहून बघत असणार. आणि मग ती खोंडाशी बोलू लागली. काय बोलली ते कुणाला ऐकू आले नाही. पण तो आवाज अडखळत नव्हता. ओढ्याच्या पाण्यासारखा एकसंध, मऊ, मनात येईल तिथे वळणारा तो आवाज बैलमास्तराने किती महिन्यांत ऐकला नव्हता. खोंडाने मान खाली घातली. मुंगीचा हात त्याच्या कपाळावर गेला. खोंडाचा जबडा हळूहळू हलू लागला.

बैलमास्तराचा ऊर भरून आला. वर्गात ओठसुद्धा न उघडणारी आपली पोर सगळ्या शाळेसमोर हे करते आहे! तो दोन पावले पुढे झाला, "शाब्बास," असे मोठ्याने म्हणाला, आणि तिची पाठ थोपटायला त्याने हात उचलला. कासरा त्याच हातात होता.

मुंगी खाली बसली. बसली म्हणजे कोसळल्यासारखी. गुडघे छातीशी, दोन्ही हात कानांवर, डोळे घट्ट मिटलेले. खोंड जागचा हललासुद्धा नाही.

मग गिरणीवाल्याची मुलगी बोलली. तिच्या आवाजात खोडी नव्हती. नुकताच शिकलेला धडा ओळखता आला, एवढाच आनंद होता.

"बाई, मुंगी बुजली."

बैलमास्तराचा हात वरच राहिला. तो खाली आणावा तरी कसा, हेच त्याला कळेना. तो हलला की ती आणखी दबेल, हे मात्र कळत होते. जन्मभर त्याला हेच तर कळत आले होते. मागे गेलेले कान, थरथरणारा खांदा, थांबलेला रवंथ, आणि गप्प उभे राहणे. रोज तिन्हीसांजेला, त्याच्या हातभर अंतरावर, खांबाला टेकून. त्याने त्या गप्पपणाला हट्ट म्हटले होते. भिंतीच्या कडेने चालण्याला तो गुण समजला होता.

बाईंनी मुंगीला उचलले नाही, कुणाला काही विचारलेही नाही. त्या तिच्याशेजारी मातीत नुसत्या बसून राहिल्या. मुलांना त्यांनी पाणी प्यायला पाठवले. नंतर फाटकाशी येऊन त्या खालमानेने म्हणाल्या, "मी यासाठी बोलावलं नव्हतं तुम्हाला. मला खरंच माहीत नव्हतं."

"मलाही कुठं माहीत होतं, बाई," तो म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याला उमगले की हे खोटे आहे. ज्याला सगळे माहीत होते असा गावात तो एकटाच होता.

परतताना पार लागलाच. "काय मास्तर, रडले का बैल?" कुणीतरी विचारले. दुसऱ्याने ठरलेला प्रश्न केला, "कुठं वाटतंय?" सगळे हसले. रोज त्यांच्याबरोबर हसणारा बैलमास्तर खोंडाच्या आडून निघून गेला. आज प्रथमच तो गल्लीच्या कडेने चालत होता.

तिन्हीसांजेला त्याने कासरा गोठ्यातल्या खुंटीला टांगला आणि रिकाम्या हातांनी ओसरीवर आला. मुंगी पुस्तक घेऊन खांबाशी बसलेलीच होती. आज वाचायचे नाही, असे तो म्हणाला, तर तिचे डोळे आणखीच मोठे झाले. काही नवीनच शिक्षा असावी, असे तिला वाटले. चुलीपुढून बायको बघत होती. तिची ती नजर त्याला टोमण्यापेक्षा जड गेली.

तो मुंगीसमोर बसला नाही. बाजूला, अंतर राखून, अंगणाकडे तोंड करून बसला. खूप वेळ गेला.

"त्या तासाला तू काय सांगतेस?" त्याने विचारले.

"काही नाही."

"मी सांगितलं तर चालेल?"

तिने लगेच मान डोलावली. नाही म्हणायची तिला सोय तरी कुठे होती, हेही त्याच्या ध्यानात आले.

"मला लाज वाटतेय," तो म्हणाला.

गोठ्यात खोंड फुरफुरला. मग, वर्गात शेकडो वेळा ऐकलेला प्रश्न आपोआप ओठांवर यावा तशी ती हळूच म्हणाली, "कुठं वाटतंय?"

पारावरचे सगळे हसू त्याला आठवले. त्याने मानेमागे हात नेला, जिथे बैलाच्या मानेवर जू बसते तिथे. "इथं. वर बघवत नाही."

मुंगीने त्याच्या मानेकडे पाहिले. मग पुस्तकाकडे बघत, कुणाला तरी दुसऱ्यालाच सांगितल्यासारखी ती म्हणाली, "माझ्या पोटात असतं. तुमचं पाऊल वाजलं की."

त्याला पुष्कळ बोलावेसे वाटले. पुन्हा असे होणार नाही, असे वचन द्यावेसे वाटले. तिला जवळ ओढावेसे वाटले. पण घाबरवून सोडलेले जनावर ज्याने घाबरवले त्याच्याकडे सगळ्यात शेवटी येते, आणि त्याला घाई करणारा माणूस मूर्ख असतो, हे तो इतरांना सांगत आला होता. त्याने फक्त मान हलवली.

"खोंडाला वैरण टाकतेस?" तो म्हणाला.

ती उठली. गोठा अंगणाच्या पलीकडे होता, आणि रोज ती भिंतीला चिकटून वळसा घालून तिथे जाई. बैलमास्तराने दोन्ही तळवे उघडे करून गुडघ्यांवर ठेवले आणि नजर दुसरीकडे वळवली. पावले भिंतीकडे गेली. थांबली. मग वाऱ्याने झाडून ठेवलेल्या अंगणात, अगदी त्याच्या समोरून, मधून, ती चालत गेली.

त्याने मान वर केली नाही. गोठ्यातून तो मऊ आवाज येऊ लागला, तेव्हाही तो तसाच, तळवे उघडे ठेवून बसून राहिला.