गुडघ्यातले जीव

प्रभावतीबाईंनी उभ्या जन्मात पाणी गाळल्याशिवाय प्यायलं नव्हतं, की दिवस मावळल्यावर घास घेतला नव्हता. चुकून एखादा जीव गेला म्हणजे? दोन हजार चार साली गुडघा करकरायला लागला, म्हणून त्या शाहूपुरीत डॉक्टर दीक्षा यांच्या दवाखान्यात आल्या.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "आजी, हाडांच्या टोकांवर कूर्चेची गादी असते. तिच्यातल्या पेशी जिवंत असतात. वर्षानुवर्षं ताण पडला की त्या आतल्या आत स्वतःचाच जीव घेतात."

प्रभावतीबाईंनी गुडघ्यावर टेकलेला हात झटकन उचलला. "ताण कशाचा गं?"

"वय, वजन, चढउतार."

चाळीस वर्षं दर पुनवेला त्या बाहुबलीचा डोंगर चढल्या होत्या. पुण्य लागतं म्हणून!

"जित्ते जीव हायत म्हणतीस? किती मेलं असतील?"

डॉक्टर हसल्या. "त्याची मोजदाद नाही, आजी. जपून चाला."

बाहेर तीनच पायऱ्या होत्या. पहिली उतरताना गुडघा कट्ट वाजला. प्रभावतीबाईंनी दुसरा पाय तसाच अधांतरी धरला. जैन मुनिमहाराज पायाखाली जीव येऊ नये म्हणून पाऊल टाकायच्या आधी मोरपिसांनी जागा झाडून घेतात. ही आतली जागा कशानं झाडायची?