गौरीच्या साडीवरचा रस्सा

मैनाला आपली जाऊ डोळ्यांसमोर नको होती, आणि जाऊ सकाळपासून डोळ्यांसमोरच होती. अष्टमी गावातल्या त्या तीन खोल्यांच्या घरात दोन जावा, एक सासू आणि एकच ओटा, मग दुसरं काय होणार! इंदुबाई थोरली, शेतावर राबणाऱ्या विठूची बायको. मैना धाकटी, धाटावला कंपनीत शिफ्टला जाणाऱ्या नाथाची. मैना बोलली की इंदुबाईला झोंबायचं, आणि गप्प बसली तर जास्तच झोंबायचं. मैनाला जाऊबाईचं काय झोंबत नव्हतं, ते विचारा.

पण आज भांडायचं नाही, असं मैनानं ठरवलं होतं. यंदा गौरी पूर्वा नक्षत्रात आल्या होत्या. नव्या सुनेला पहिला ओवसा घ्यायचा तर तो पूर्वातल्या गौरीपुढेच. फळं, पानं, सुपाऱ्यांनी भरलेली सुपं गौरीपुढे ओवाळायची आणि मग घरातल्या मोठ्यांच्या हाती देऊन पाया पडायचं. ते एकदा झालं की सून घरची झाली. मैनाचं लग्न झाल्यापासून गौरींना काही पूर्वाचा मुहूर्त सापडत नव्हता. दर वर्षी आळीतल्या बायका गोड तोंड करून विचारायच्या, "अजून नाय झाला गो ओवसा?" आणि मैनाला वाटायचं, एकेकीच्या झिंज्या उपटाव्यात.

आज अखेर तो दिवस आला होता. तिचा बाप सखा पेणच्या बाजारातून नवीकोरी सुपं घेऊन पहाटेच्या एसटीनं आला होता आणि धुतलेली टोपी घालून ओटीवर बसून होता. लेकीचा ओवसा डोळ्यांनी बघून मगच तो परत जाणार होता.

या घरात आधी गौरीला तिखटाचा, म्हणजे मटणाचा, नैवेद्य दाखवतात आणि ओवसे नंतर, उन्हं उतरल्यावर. गणपतीला मटण दिसू नये म्हणून त्याच्यापुढे पडदा ओढला गेला. मैनानं भरलेली सुपं गौरीच्या खोलीच्या दारातच मांडून ठेवली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावीत म्हणून. खरं सांगायचं तर इंदुबाईला दिसावीत म्हणून. इंदुबाई मटणाच्या रश्शाची वाटी घेऊन आली, तिचा पाय सुपाच्या काठाला लागला, ती पुढे झेपावली आणि वाटी कलंडली. तर्री पडली ती थेट गौरीच्या निऱ्यांवर. हिरव्यागार सॅटिनच्या साडीवर गुडघ्यापाशी तळहाताएवढा तांबडापिवळा डाग पसरला.

"आंधळी हायस काय?" मैना ओरडली.

"वाटेत सुपं मांडून ठेवणारी कोण गो शहाणी?" इंदुबाई तितक्याच जोरात म्हणाली. "घर हाय का पेणचा बाजार?"

"मुद्दाम केलंस तू. माझा ओवसा बघवत नाय तुला."

"तुझा ओवसा! मोठी इंद्राची परी लागून गेलीस."

सासू बायजा आतून आली. तिनं डाग पाहिला आणि कपाळाला हात लावला. गौर एकदा बसली की विसर्जनापर्यंत तिला हलवायची नाही, साडी बदलायची नाही, हे या घरात कुणी कुणाला सांगावं लागत नसे.

"डागाळल्या गौरीपुढं ओवसा नाय," बायजा म्हणाली. "मी बायकांना बोलवून येते. तवर डाग निघाला तर ठीक. नायतर सुपं जातील बापाबरोबर परत. पुढल्या पूर्वाला बघू."

पुढली पूर्वा! ओटीवरून बापाचा खोकला ऐकू येत होता. सुपं डोक्यावर घेऊन तो वडखळच्या नाक्यावर उतरेल आणि गावभर लोक विचारतील, काय झालं सखा, सुपं परत कशी? तिला रडू आलं, पण जाऊबाईसमोर रडायचं म्हणजे मेल्याहून मेलं.

बायजा गेली. दोघी जावा त्या डागापुढे उभ्या राहिल्या.

इंदुबाई स्वयंपाकघरात गेली आणि ताटलीत तांदळाचं पीठ घेऊन आली. "हे दाब त्याच्यावर. चोळू नको. तेल पिठात उतरंल, मग झटक आणि परत नवीन पीठ दाब. पाण्याचा हात लावू नको, हळद पसरंल. वेळ लागंल, पण निघंल."

मैनानं ताटलीकडे पाहिलं आणि मग जावेच्या तोंडाकडे. वेळ लागेल! हेच तर हवं होतं हिला. पीठ दाबत बसायचं, तेवढ्यात बायका यायच्या, आणि हिनं कोपऱ्यात उभं राहून गंमत बघायची. सांडणारीच औषध सांगायला आली होती.

"ठेव तुझं पीठ तुलाच," ती म्हणाली. "माझ्याकडं बाटली हाय."

ती बाटली म्हणजे या घरातलं जुनं युद्ध होतं. नाथानं कंपनीतून कसलंसं पाण्यासारखं, नाकात जाणारं औषध गुपचूप आणलं होतं. मोटरसायकलच्या चेनचं ग्रीस त्याच्या शर्टावरून फडक्याच्या एका हातात जायचं. ओट्यामागच्या फरशीवरचा फोडणीचा चिकट थर इंदुबाई सोडा लावून काथ्यानं घासत बसायची, आणि मैना बाटलीचे चार थेंब टाकून लख्ख करून मोकळी व्हायची. वर "झालं सुद्धा" म्हणायची. ते "झालं सुद्धा" इंदुबाईला काट्यासारखं रुतलं होतं.

"त्या बाटलीनं डब्याचं प्लॅस्टिकचं झाकण पांढरं पडलं, विसरलीस?" इंदुबाई म्हणाली. "ते फरशीला चालतं. ह्या असल्या चकचकीत कापडाला लावू नको. ऐक माझं."

ऐक माझं! तिनं नुसतं "लावू नको" म्हटलं असतं तर मैनानं कदाचित विचार केला असता. पण ऐक माझं म्हटल्यावर तिच्या डोक्यात तिडीक गेली. आजवर हिचं ऐकून काय भलं झालं होतं?

मैनानं समई लांब सरकवली; औषध पेट घेतं, तेवढं नाथानं बजावलेलं तिला आठवत होतं. फडक्यावर औषध ओतलं आणि डागावर दाबून ओढलं. तेल गेलं. खरंच गेलं, फडकं पिवळंजर्द झालं आणि मैनाच्या तोंडावर हसू फुटलं. तिनं वळून जावेकडे पाहिलं सुद्धा.

आणि फडकं साडीला चिकटलं.

तिनं ओढलं तसा हिरवा चिकट लगदा फडक्याबरोबर आला. साडी भिजलेल्या पापडासारखी मऊ पडली होती. कडा आक्रसत गेल्या, मध्ये वाटीच्या तोंडाएवढं भोक पडलं आणि गौरीच्या पायांच्या जागी आतला लाकडी दांडा दिसायला लागला.

डाग तरी रश्शाचा होता, अपघात म्हणता आला असता. हे आता तिनं स्वतःच्या हातानं केलं होतं, देवीच्या वस्त्राला, सणाच्या दिवशी. ओवसा गेलाच. वर जन्मभराचं बोलणं मागं लागणार होतं. बाहेर बायकांचा आवाज आला, बायजाचा सगळ्यांत मोठा.

इंदुबाई हलली नाही. क्षणभर तिच्या तोंडावर जे आलं ते मैनानं नीट पाहिलं. आनंद होता तो, निव्वळ आनंद. मग इंदुबाईनं पदर खोचला.

"सरक तिकडं. तुझ्यासाठी नाय करत. बाहेरच्या बाया गौरीला हसायला नकोत."

तिनं बांगडीतली पिन काढली. शेजारची निरी उचलली, भोकावरून पुढे ओढली आणि आतून अशी टाचली की तिथं जरा जाड निरी आहे, एवढंच वाटावं. उरलेल्या पिवळ्या कडेवर तिनं झेंडूची माळ सोडली. फडकं आणि बाटली मैनाच्या हातातून हिसकावून मोरीत टाकली, चार उदबत्त्या पेटवल्या आणि पिठाची ताटली मैनाच्या हातात दिली.

बायजा आत आली. वाकून बघितलं, नाक मुरडलं. "कसला वास गो हा?"

"नाथाभावजींचा शर्ट भिजवलाय मोरीत," इंदुबाई म्हणाली.

"आणि डाग?"

"काढला मैनानं. पिठानं. शिकली बाय आता."

मैना हातातल्या ताटलीकडे बघत राहिली. पिठाला बोटही लागलं नव्हतं.

ओवसा झाला. बायकांनी गाणी म्हटली. मैनानं सुपं ओवाळली तेव्हा तिची नजर त्या जाड निरीवरून हलेना, आणि लोकांना वाटलं पोरगी किती भक्तिभावानं बघते. ओटीवरून सखा दारापर्यंत आला आणि टोपी काढून उपरण्यानं डोळे पुसू लागला. तिला हवं होतं ते सगळं झालं होतं, आणि त्यातलं काहीच तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

पहिलं सूप सासूला. बायजानं हातानं तोंड कुरवाळून आशीर्वाद दिला. दुसरं थोरल्या जावेला.

मैना सूप घेऊन इंदुबाईपुढे उभी राहिली. सूप जावेच्या हाती देऊन ती वाकली, कपाळ थेट तिच्या पावलांना टेकलं. इंदुबाईनंही खाली वाकून तिला दोन्ही हातांनी उठवलं, सगळ्यांना दिसेल असं प्रेमानं, आणि फक्त तिलाच ऐकू जाईल असं कानाशी म्हणाली,

"आता शिव्या दे की मला. कुठल्या तोंडानं देशील गो?"