इंजिन फिरायची पंचवीस मिनिटं

दौंडला गाडीचं तोंड फिरायचं, त्यावर माझा संसार चालायचा.

उत्तरेकडून आलेली आमची गाडी दौंडात शिरली की इंजिन एका टोकाचं सोडून दुसऱ्या टोकाला लावायचे. एवढ्या उपद्व्यापाला पंचवीस मिनिटं जायची. प्रवासी वैतागायचे. "क्या रखा है इस स्टेशन में?" असं मलाच विचारायचे. मी एसी डब्यात चादरी-उशा देणारा माणूस. काय ठेवलंय ते त्यांना काय सांगणार!

फलाटाच्या टोकाला नळाजवळ माझी बायको शिरीन पोरांना घेऊन बसलेली असायची. आमच्या कासुर्डी गावाहून यवतला यायचं आणि तिथून डेमू लोकलनं दौंड गाठायचं. दहा दिवसांतून एकदा. ठेकेदाराकडं रजा मागितली की तो कायमचीच द्यायला तयार, त्यामुळं भेट काय ती एवढीच. सुहाना चौथीत, तिला वह्या दाखवायच्या असायच्या. अनिस चार वर्षांचा. तो नखं फक्त माझ्याकडूनच कापून घ्यायचा. आईनं कापली की म्हणे दुखतं. लबाड कुठला!

मार्चमध्ये आमची गाडी दौंड स्टेशन टाळून बाहेरूनच, कॉर्ड लाइनच्या जोडमार्गानं वळवली. आता इंजिन फिरवायचं कारण नाही. तिथल्या छोट्या स्टेशनात दोन मिनिटं थांबायचं आणि थेट सोलापूरच्या वाटेला लागायचं. वेळ वाचला म्हणून डब्यातले लोक खूश. चादरी वाटता वाटता मीही हसलो आणि शिरीनला फोन लावायला दाराशी गेलो.

पहिल्या खेपेला शिरीन दौंडहून रिक्षा करून पोरांना तिथं घेऊन आली. गाडी थांबली तेव्हा ती पार पुढं आणि माझा डबा मागं. मी उतरून धावलो, ती तिघंही धावत आली. अनिसला उचलून गालाला गाल लावतोय तोवर गाडीनं शिट्टी दिली. खाली ठेवायला गेलो तर तो माझा शर्टच सोडेना. एकेक बोट सोडवावं लागलं. पोटच्या लेकराची बोटं मी जोर लावून सोडवली आणि चालत्या डब्यात चढलो.

कुर्डुवाडीच्या सुमारास सुहानाचा फोन आला. पोर नऊ वर्षांची, पण बोलणं मोठ्या बाईचं.

"अब्बा, त्यो तवापास्नं रडतोय. खाल्लं बी न्हाई काय. गाडीमागं पळत व्हता, अम्मीनं कसाबसा धरला."

"पुढल्या बारीला मी आधीच दारात येऊन थांबतो, बाळ."

"नगं. आम्ही आता येत न्हाई. तुम्ही सुट्टी घिऊनच घरी या. कवा येताय?"

"बरं, नगा येऊ," एवढंच म्हणालो.

पुढच्या खेपेला गाडी तिथं थांबली. फलाटावर आमचं कोणी नव्हतं. दोन मिनिटं झाली, पाच झाली, दहा झाली. पुढचा सिग्नलच मिळेना. मी खाली उतरलो. पंधरा मिनिटांनी फलाटाच्या दोन्ही टोकांना जाऊन बघून आलो. कुणाला शोधत होतो कोण जाणे. अर्धा तास झाला तरी गाडी आपली उभीच. या अर्ध्या तासात अनिसला मांडीवर घेता आलं असतं. सुहानाच्या सगळ्या वह्या बघून झाल्या असत्या. मला त्या सिग्नलला शिव्या घालाव्याशा वाटल्या.

तेवढ्यात शिरीनचा फोन आला.

"अवं, अनिस इचारतोय, अब्बाची गाडी कुठवर गेली?"

कासुर्डीहून निघून इथं पोचायला तिला तास-दीड तास लागला असता. खरं सांगून तिच्या जिवाला नुसता घोर लावायचा.

"भिगवण गेलं की," मी म्हणालो. "लई लांब आलो आता."

"मग बरंच झालं, आम्ही आलो न्हाई ते. दोन मिन्टासाठी पोरांचं हाल नुसतं."

"व्हय," मी म्हणालो. फोन ठेवला आणि उभ्या गाडीला डोकं टेकून रडलो.