धाकटीची चिकटवही

मी एक जुनी चिकटवही आहे. अंगाने इतकी फुगले आहे की मिटता मिटत नाही, म्हणून कमरेला पायजम्याची नाडी बांधून मला आवरून धरले आहे. मित्रांनो, हसू नका. आधी माझी हकिकत ऐका.

जन्माने मी भिंतीला लावायच्या कागदांचे नमुनापुस्तक. दुकानात गिऱ्हाइके मला चाळत, नाक मुरडत आणि शेवटी साधा पांढरा रंग घेऊन जात. नमुने जुने झाले तेव्हा दुकानदाराने मला एका रंगाऱ्याला देऊन टाकले. त्याने मला घरी आणून माळ्यावर फेकले.

एके दिवशी रंगाऱ्याची सहा वर्षांची धाकटी मुलगी शाळेतून आली ती गाल फुगवूनच. बाईंनी प्रत्येकाला आपल्या तान्हेपणाची चिकटवही आणायला सांगितली होती. थोरल्या भावाचे तीन अल्बम होते. धाकटीचा एक फोटो सापडेल तर शपथ!

"म्हणजे मी तुमची नाहीच," ती म्हणाली. "मला कुठून तरी आणलंय."

"काहीतरीच काय बोलतेस!" आई म्हणाली खरी, पण तिच्या तोंडचे पाणी पळाले.

रविवारी नवराबायकोने मला माळ्यावरून काढले, दार लावून घेतले आणि थोरल्याचेच फोटो माझ्यात डकवले. "तान्ही बाळं सगळी सारखीच दिसतात," रंगारी म्हणाला. डिंक त्याने भिंतीच्या चार इंची ब्रशने फासला. माझी दोन पाने त्या दिवशी एकमेकांना चिकटली, ती आजतागायत.

धाकटी हरखली. तेवढ्यात थोरला डोकावला. "अरे, हा तर मी! ही बघ माझ्या पायाची जुळलेली बोटं."

धाकटीने मोजा काढला. तिची पाचही बोटे सुटी होती. ती रडली नाही. मला आईच्या मांडीवर ठेवून कोपऱ्यात जाऊन बसली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

आई तिच्याजवळ जमिनीवर बसली. "खरं सांगू? तुझे सगळे फोटो बाबांच्या फोनमध्ये होते आणि बाबांनी तो रंगाच्या बादलीत पाडला. नंतर काढायला हवे होते गं. पण तू कडेवरून खाली उतरायचीच नाहीस. उतरवलं की घर डोक्यावर घ्यायचीस. फोटो काढायला हात मोकळा नको का?"

"पण ती मीच होते कशावरून?"

मग काय, घराची झडतीच सुरू झाली. आईने पेटीतून दवाखान्यातला चिमुकला मनगटपट्टा काढला. त्यावर आईचे नाव होते आणि पुढे 'मुलगी'. चावून चावून चाळण केलेला टॉवेलचा कोपरा निघाला. धाकटीने फाडलेले आपल्या पुस्तकाचे पान थोरल्याने इतकी वर्षे तक्रार म्हणून जपले होते, तेही त्याने मुकाट्याने आणून दिले. रंगाऱ्याने घराला दोनदा रंग दिला होता, पण दारामागचा वीतभर तुकडा तेवढा सोडला होता. त्यावर धाकटीच्या पहिल्या रेघोट्या होत्या. आता त्याने तो पोपडा अलगद खरवडून काढला.

"अहो, भिंतीला खड्डा पाडलात!" आई ओरडली.

"माझीच भिंत, मीच भरीन."

थोरल्याचे फोटो निघाले आणि त्यांच्या जागी हे सगळे माझ्यात डकवले गेले. शाळेत इतर वह्या कशा सडपातळ, नटलेल्या! बाईंनी विचारले, "तुझे फोटो कुठे आहेत?"

"फोटो नाहीत, बाई. पुरावे आहेत," धाकटी म्हणाली.

बाईंनी मला दोन्ही हातांनी उचलले. एका हाताने उचलले असते तर भिंत सांडली असती.

कौतुक सरले आणि पुढची काही वर्षे मी डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली काढली. परवा मिसरूड फुटलेल्या थोरल्याने मला तिथून ओढून काढले आणि तो आईपुढे उभा राहिला. "माझ्या तिन्ही अल्बममध्ये मी नुसता हसतोय. माझी अशी वही का नाही?"

आईने कपाळाला हात लावला. धाकटी मात्र स्टूल घेऊन आलीसुद्धा. "चल रे दादा, माळ्यावर शोधू. तूही काहीतरी चावलं असशीलच."

मित्रांनो, फोटो जरूर काढा. पण घरातल्या बाळाने चावलेले, फाडलेले, चितारलेलेही काही जपून ठेवा. डिंक बेताने लावा. आणि चिकटवहीला कधी टेबलाखाली देऊ नका. पाठ फार दुखते हो!